दुष्काळाच्या मोजपट्टीचे शून्य

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे वाघिणींची संख्या वाढविण्यात आली आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत त्या गाडीच्या फेऱ्या चालू राहिल्या. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एवढ्या मोठ्या शहराची तहान भागवील असे दुसरे साधन जवळपास उरले नव्हते. भूगोलाच्या भाषेत सांगावयाचे तर कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी लोहमार्गाने गोदावरीच्या खोऱ्यात आणावे लागले. त्याच वर्षीचा पावसाळा संपता संपता मांजरेच्या खोऱ्यात भरपूर पाऊस झाला आणि तेच धरण भरले.

या प्रसंगाची कारणमीमांसा तेव्हा तीन प्रकारे झाली. हवामान बदलले आहे, असे काहींनी म्हटले. मराठवाड्याला अवर्षण नवे नाही, दोन वाईट वर्षे पाठोपाठ आली एवढेच, असे दुसऱ्यांनी म्हटले. धरणातील पाणी उसाला गेले आणि शहराच्या वाट्याला गाळ राहिला, असे तिसऱ्यांचे म्हणणे होते. तिन्ही म्हणण्यांत तथ्यांश आहे. परंतु कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरविल्यावाचून उपाय ठरत नाही. हवामानच बदलले असेल तर पुढील पन्नास वर्षांच्या पाटबंधाऱ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. दोन वर्षांचा हा योगायोग असेल तर टँकर, चारा आणि रोजगार यांची व्यवस्था पुरेशी होईल. आणि दोष नियोजनाचा असेल तर त्याची जबाबदारी आभाळावर ढकलता येणार नाही.

हा निवाडा करण्यासाठी शास्त्रज्ञांनी जी साधने घडविली आहेत त्यांना दुष्काळ निर्देशांक म्हणतात. नद्यांच्या खोऱ्यांतील हवामानबदलाचा अंदाज घेण्यासाठी आज जगभर त्यांचा उपयोग होतो. ही साधने उपयुक्त आहेत, तथापि ती निर्विवाद नाहीत. कोणत्याही मोजपट्टीला एक शून्य असते आणि ते कोठे मांडावयाचे हे माणूस ठरवितो. दुष्काळाच्या मोजपट्टीचे शून्य कोणी, कोणत्या वर्षांवरून आणि कशासाठी मांडले, हा प्रश्न म्हणूनच केवळ तज्ज्ञांचा राहत नाही. त्यावर गावाची सवलत, धरणाचे पाणी आणि राज्याराज्यांतील वाटे अवलंबून असतात.

आणेवारीची परंपरा

महाराष्ट्राला दुष्काळ मोजण्याची कल्पना अपरिचित नाही. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, या हिशेबाने गावातील पिकाचा अंदाज बांधण्याची आणेवारीची पद्धत इंग्रजी अमलातील महसूल व्यवस्थेतून आली. दशमान नाणी आल्यावर आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांखाली पीक आलेल्या गावात टंचाईची स्थिती मानावयाची, शेतसाऱ्यात सूट द्यावयाची, कर्जाची वसुली थांबवावयाची, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ करावयाचे, हा क्रम तलाठ्यापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत सर्वांच्या ओळखीचा आहे.

या पद्धतीचा गुण असा की ती शेतात उभी राहून मोजते. परंतु तिचा जन्म साऱ्याच्या वसुलीसाठी झाला. पाण्याचा हिशेब हा तिचा हेतूच नव्हता. पीक हातचे गेल्यानंतर ती बोलते. पहिल्या अंदाजात नजरेचा भाग मोठा असतो आणि नजरेवर गावाची गरज व वरिष्ठांची मर्जी या दोहोंची छाया पडू शकते. शिवाय चाळीस वर्षांपूर्वीची पैसेवारी आजच्या पैसेवारीशी ताडून पाहता येत नाही, कारण मधल्या काळात बियाणे बदलले, विहिरी खोल गेल्या, पिकेही बदलली. हवामान बदलले काय, या प्रश्नाला पैसेवारीच्या वह्यांत उत्तर सापडणार नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने यासाठीच निर्देशांकांना अग्रस्थान दिले. प्रथम पावसाची तूट आणि पावसातील खंड पाहावयाचा. नंतर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवळ, जमिनीतील ओल आणि जलाशयांची व भूजलाची स्थिती पाहावयाची. शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष जाऊन पडताळा घ्यावयाचा, असा तिचा क्रम आहे. या रीतीने महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. दुसऱ्या खेपेस वगळलेल्या भागांतून लगेच ओरड झाली आणि नंतर अनेक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती मान्य करावी लागली. आकड्यांची पद्धत आल्याने वाद मिटत नाही, तो रेषा कोठे आखावी या प्रश्नावर सरकतो, याचे हे उदाहरण आहे.

निर्देशांक कसा बेततात

या निर्देशांकांपैकी सर्वांत प्रचलित असलेला ‘प्रमाणित पर्जन्य निर्देशांक’ अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठातील मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट यांनी १९९३ साली मांडला. त्याला फक्त पावसाचे आकडे लागतात, मात्र ते निदान तीस वर्षांचे असावे लागतात. जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने २००९ साली अमेरिकेतील लिंकन येथे जमलेल्या तज्ज्ञांनी सर्व देशांच्या हवामान खात्यांनी हाच निर्देशांक वापरावा अशी शिफारस केली.

त्याचे तत्त्व शिक्षकांना सहज पटेल. पंचेचाळीस गुण मिळविणारा विद्यार्थी हुशार की मंद, हे नुसत्या पंचेचाळीस या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्या वर्गाची सरासरी सत्तर आहे तेथे तो मागे आहे, जेथे ती तीस आहे तेथे तो पुढे आहे. पावसाचेही तसेच आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. महाबळेश्वरला तीन हजार मिलिमीटर पाऊस झाला तर ते मोठे अवर्षण, आणि माणला सातशे झाला तर तो सुकाळ. म्हणून प्रत्येक ठिकाणचा पाऊस त्या ठिकाणच्याच जुन्या पावसाशी ताडावयाचा आणि तो नेहमीपेक्षा किती दुर्मीळ आहे हे एका समान पट्टीवर मांडावयाचे. शून्य म्हणजे नेहमीचा पाऊस. उणे एकपासून मध्यम, उणे दीडपासून तीव्र आणि उणे दोनपासून अतितीव्र दुष्काळ. उणे एकाखालची स्थिती शंभरांतून सुमारे सोळा वेळा यावी, उणे दोनाखालची सुमारे दोन वेळा, असे गणित सांगते.

या निर्देशांकाची दुसरी सोय अशी की तो एका महिन्याचा काढता येतो, तसाच तीन, बारा किंवा चोवीस महिन्यांचाही काढता येतो. बाजरीचे पीक तीन महिन्यांच्या पावसाकडे पाहते. विहीर वर्षभराचा हिशेब ठेवते. मोठे धरण आणि खोल भूजल दोन-दोन वर्षांची आठवण बाळगतात. अवर्षण प्रथम आभाळात, मग शेतात आणि शेवटी नदीत व विहिरीत उतरते. उलट पाऊस आला तरी हे क्रमानेच सावरते. पिके डोलत असताना बोअर कोरडे का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा या काळाच्या अंतरात असते.

तालुका आणि खोरे

प्रशासनाचा दुष्काळ तालुक्याच्या सीमेवर थांबतो, पाण्याचा थांबत नाही. सोलापूर जिल्ह्याला जीवन देणारे उजनी धरण सोलापूरच्या पावसाने भरत नाही. भीमा आणि तिच्या उपनद्या सह्याद्रीच्या माथ्यावर ज्या पावसात उगम पावतात त्या पावसाने ते भरते. सोलापुरात कोरडे आणि उजनी तुडुंब, असे होऊ शकते. सोलापुरात बेताचा पाऊस आणि उजनीतील साठा उणे, असेही होते. धरणाच्या उपयुक्त साठ्याखालचे मृत साठ्यातील पाणी उपसावे लागते तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘उणे’ टक्केवारी छापून येते. २०२४ सालच्या उन्हाळ्यात उजनीची ही टक्केवारी उणे पन्नासच्याही खाली गेली होती.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की खोऱ्याचा दुष्काळ खोऱ्यातच मोजला पाहिजे. घाटमाथ्याचा पाऊस वेगळा, अवर्षणप्रवण पट्ट्याचा वेगळा, आणि या दोहोंना जोडणाऱ्या नदीचा प्रवाह तिसरा, असे तीन हिशेब शेजारी शेजारी मांडले तरच चित्र पुरे होते. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांचे पाणी फार मोठ्या प्रमाणात सह्याद्रीचे ऋण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की १९५१ ते २०१५ या काळात देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसात सुमारे ६ टक्क्यांची घट झाली आणि ती गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवली. माणच्या पर्जन्यमापकात ही घट कधी दिसणार नाही. मात्र माणच्या कालव्यात ती दिसू शकेल.

दुसरी गोष्ट अशी की नदीच्या प्रवाहावरून हवामान ओळखणे फसवे आहे. नदीत वाहणारे पाणी मोजून दुष्काळाचे निर्देशांक काढता येतात आणि ते काढलेही जातात. परंतु ज्या नदीवर ठिकठिकाणी धरणे बांधली गेली, जिच्या काठी पंपांची रांग लागली, तिचा प्रवाह निसर्गाइतकाच दरवाजे उघडणाऱ्या हाताचाही पुरावा असतो. प्रवाह घटला म्हणून हवामान बदलले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी धरणात अडलेले, कालव्यात वळविलेले आणि उपसलेले पाणी हिशेबात परत मिळवून नदीचा नैसर्गिक प्रवाह काय राहिला असता हे काढावे लागते. उपशाच्या खऱ्या नोंदीच नसतील, तर हे गणित कागदावरच राहते.

उन्हाची नोंद

पावसावर आधारलेल्या निर्देशांकात एक मोठी उणीव आहे. त्याला ऊन दिसत नाही. पाऊस तेवढाच पडला आणि तापमान वाढले, तर जमिनीतून, पिकांतून आणि जलाशयांच्या पृष्ठभागावरून अधिक पाणी उडून जाते. तेवढाच पाऊस मग पुरत नाही. उपरोक्त अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. पावसाचा निर्देशांक ही वाढ पूर्णपणे दुर्लक्षितो. म्हणून २०१० साली स्पेनमधील व्हिसेंते-सेरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊस व संभाव्य बाष्पीभवन यांच्या वजाबाकीवर आधारलेला नवा निर्देशांक पुढे आणला. तत्पूर्वी १९६५ साली अमेरिकेच्या हवामान खात्यातील वेन पामर यांनी जमिनीतील ओलीचा जमाखर्च मांडणारा निर्देशांक तयार केला होता. त्याचे गुणक कॅन्सस आणि आयोवा या राज्यांतील शेतीवरून बेतलेले होते, ही गोष्ट तो मांजरेच्या काळ्या मातीला लावताना विसरून चालणार नाही.

उन्हाचा हिशेब घेतला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. बाष्पीभवन कसे मोजावयाचे यावरच शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २०१२ साली शेफील्ड, वुड आणि रॉडरिक यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखविले की केवळ तापमानावरून बाष्पीभवन काढण्याच्या जुन्या सूत्रामुळे पामर निर्देशांक दुष्काळाची वाढ फुगवून सांगतो. वारा, आर्द्रता आणि सूर्यकिरण हेही मोजणारे सूत्र वापरले तर गेल्या साठ वर्षांत जगातील दुष्काळात फारसा बदल दिसत नाही. पुढच्याच वर्षी ऐगुओ दाय यांनी जगात दुष्काळ वाढत असल्याचा निष्कर्ष मांडला. दोन्ही पक्ष जबाबदार शास्त्रज्ञांचे होते. फरक पडला तो सूत्र कोणते आणि पावसाचे आकडे कोणत्या संचातून घेतले, यामुळे.

यावरून शास्त्र लहरी आहे असा अर्थ काढणे चूक होईल. निर्देशांक पाहताना तो कशापासून बनला हे विचारले पाहिजे, एवढाच याचा बोध आहे. ज्या खोऱ्यात पावसाचा निर्देशांक स्थिर आहे आणि उन्हाचा हिशेब घेणारा निर्देशांक मात्र सतत खाली जात आहे, तेथे तापमानवाढीचा हात असण्याचा संभव मोठा आहे. ज्या खोऱ्यात हे दोन्ही स्थिर असूनही विहिरी खोल जात आहेत, तेथे शोध आभाळाचा न करता उपशाचा केला पाहिजे. निर्देशांकांचे खरे मूल्य या तुलनेत आहे. एकटा निर्देशांक कितीही नेमका असला तरी तो कारण सांगत नाही.

सरणारे शून्य

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मोजपट्टीचे शून्य म्हणजे नेहमीचा पाऊस, असे वर म्हटले. परंतु नेहमीचा म्हणजे कोणत्या वर्षांचा? निर्देशांक ज्या वर्षांवरून बेतला जातो त्या वर्षांत त्याची सरासरी शून्यच येते. ते गणिताचे बंधन आहे. दर दहा वर्षांनी जुनी वर्षे गाळून नवी घेतली आणि निर्देशांक पुन्हा बेतला, तर खोरे हळूहळू कोरडे होत गेले तरी कागदावर ते नेहमीसारखेच दिसत राहील. वजनकाटा दर महिन्याला नव्या वजनावर शून्य करून घेणाऱ्या रोग्याला आपण खंगत आहोत हे कळणार नाही, तसाच हा प्रकार आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. भारतीय हवामान खाते देशाच्या मोसमी पावसाची सरासरी वेळोवेळी सुधारते. १९६१ ते २०१० या वर्षांवरून ती ८८०.६ मिलिमीटर होती. २०२२ साली खात्याने १९७१ ते २०२० ही वर्षे आधाराला घेतली आणि ती ८६८.६ मिलिमीटर झाली. बारा मिलिमीटरांचा हा फरक मोसमी पावसाच्या ओल्या व कोरड्या कालखंडांच्या नैसर्गिक आवर्तनामुळे पडला, असे स्पष्टीकरण खात्याने दिले. ते योग्यच असू शकेल, कारण मोसमी पावसाला अशी अनेक दशकांची भरती-ओहोटी असते हे जुने निरीक्षण आहे. तरीही व्यवहारात एवढे घडलेच की पूर्वी किंचित उणा ठरला असता तो पाऊस आता सरासरीइतका ठरतो.

सरासरी सुधारण्यात गैर काही नाही. यंदाची पेरणी कशी करावी हे ठरविणाऱ्या शेतकऱ्याला आजोबांच्या काळचा पाऊस माहीत असून उपयोग नाही, त्याला अलीकडचा पाऊस हवा. परंतु हवामान बदलले काय, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याने शून्य एका जागी खिळवून ठेवलेच पाहिजे. दोन कामांना दोन शून्ये लागतात. दोष निर्माण होतो तो एका कामाचे शून्य दुसऱ्या कामाला वापरल्यामुळे, आणि ते वापरले आहे हे लोकांना न सांगितल्यामुळे. सामान्य माणूसदेखील शून्य मांडतोच. महाराष्ट्रात आजही प्रत्येक दुष्काळ बहात्तरच्या दुष्काळाशी ताडला जातो. बहात्तरला धान्य नव्हते, पण विहिरीला पाणी होते, असे म्हातारी माणसे सांगतात. त्यांच्या त्या एका वाक्यात आभाळाचा दुष्काळ आणि भूगर्भाचा दुष्काळ यांतील फरक आलेला आहे.

वाट्यांचा प्रश्न

शून्य सरकले की पाण्याचे वाटे सरकतात. कृष्णा पाणीतंटा लवादाचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बचावत यांच्या लवादाने १९७३ साली निवाडा दिला तेव्हा १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या प्रवाहाचा आधार घेतला. शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे हमखास मिळेल असे पाणी २०६० अब्ज घनफूट धरले गेले आणि त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० असे वाटे पडले. २०१० साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या दुसऱ्या लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांचा आधार घेतला, विश्वासार्हतेची कसोटी पंचाहत्तरांवरून पासष्ट टक्क्यांवर आणली आणि पाण्याचा अंदाज २२९३ अब्ज घनफुटांवर नेला. हा निवाडा पुढे सर्वोच्च न्यायालयातील वादात अडकला. त्याच्या न्याय्यतेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की तीच नदी वेगळी वर्षे आणि वेगळी कसोटी घेतल्यावर कागदावर अधिक पाणीदार झाली. आणि दोन्ही हिशेबांत एक गृहीत समान आहे: जे होऊन गेले तसेच पुढे होईल. हवामानबदलाने आव्हान दिले आहे ते या गृहीताला.

गोदावरीत हाच प्रश्न राज्याच्या घरात आहे. २००५ सालच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील तूट वरच्या व खालच्या धरणांनी वाटून घ्यावी असे तत्त्व घातले. त्यानुसार २०१४ साली प्राधिकरणाने दिलेल्या आदेशात ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरून पाणी सोडण्याची तरतूद झाली. २०२३ साली नगर-नाशिकच्या धरणांतून ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा दोन्ही बाजूंनी आंदोलने झाली. पासष्ट टक्के हाही एक निर्देशांकच आहे. परंतु तो धरणातील पातळीचा आहे. वरच्या बाजूला खरिपात किती पाणी वापरले गेले आणि मुळात पाऊस किती झाला, हे त्यात वेगळे होत नाही. खोऱ्याच्या वरच्या व खालच्या भागांचे पावसाचे व उन्हाचे निर्देशांक दर महिन्याला जाहीर होत राहिले, तर निदान तूट निसर्गाची किती आणि वापराची किती, यावर तरी वाद घालावा लागणार नाही.

कर्तव्य काय

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. कृष्णा, भीमा, गोदावरी, मांजरा, तापी अशा प्रत्येक खोऱ्याची मासिक दुष्काळपत्रिका निघाली पाहिजे. तीत पावसाचा निर्देशांक, उन्हाचा हिशेब घेणारा निर्देशांक आणि जलाशय व भूजलाची स्थिती ही तिन्ही एकत्र असावीत. कोणती वर्षे आधाराला घेतली हे पहिल्याच ओळीत लिहिलेले असावे, आणि त्यांपैकी एक आधार कायम न बदलणारा असावा. ज्या मूळ आकड्यांवरून हे काढले ते कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला मागितल्याबरोबर मिळाले पाहिजेत. गेल्या दशकात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्यांच्या नोंदी अजून कोवळ्या आहेत. तीस वर्षे पुरी होईपर्यंत जुन्या पर्जन्यमापकांना पर्याय नाही.

अशा पत्रिकेचा उपयोग दोन मोहांना आवर घालण्यासाठीही होईल. पहिला मोह प्रत्येक कोरड्या वर्षाला हवामानबदल म्हणण्याचा. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदीत दोन-तीन वाईट वर्षे जवळ आली म्हणून कल सिद्ध होत नाही, आणि लातूरला पाणी आणणारी गाडी व भरलेले मांजरा धरण ही एकाच वर्षातील दृश्ये होती. दुसरा मोह याच्या उलट, पण अधिक सोयीचा आहे. तो म्हणजे नियोजनातील चुका, उसाचे वाढते क्षेत्र आणि न मोजलेला उपसा हे सारे हवामानबदलाच्या नावे खर्ची टाकण्याचा. जागतिक तापमानवाढ खरी आहे, म्हणूनच तिच्या आड लपणे सोपे झाले आहे.

या साऱ्या शास्त्राचा पाया मात्र फार साध्या जागी आहे. तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकापाशी सकाळी साडेआठ वाजता कोणी कारकून जातो, नळकांड्यातील पाणी मोजतो आणि वहीत आकडा लिहितो. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावयाचे असते. तो गेलाच नाही त्या दिवशी रकाना रिकामा सोडावयाचा असतो. रिकाम्या रकान्यात मागाहून शून्य भरले, तर पन्नास वर्षांनी कोणी संशोधक त्या दिवशी पाऊस नव्हता असे समजेल, आणि अशा अनेक शून्यांची बेरीज होऊन न झालेला दुष्काळ त्याच्या आलेखात उमटेल. लवादांचे निवाडे, संहितेचे निकष आणि परदेशी नियतकालिकांतील वाद या सर्वांच्या मुळाशी ही वही आहे. ती नीट राखली जाते की नाही, हे पाहणे प्रत्येक तालुक्याला आजपासून करता येण्यासारखे आहे.